घरच्या घरी : जिन्याखालची सायकल

मैत्रिणींनो, पावसाळा सरला की घरातल्या लोखंडी वस्तूंकडे बघवत नाही. विळीच्या पात्याला तांबूस छटा आलेली, खिडकीच्या गजांना पोपडे सुटलेले, आणि जिन्याखाली किंवा मागच्या पडवीत उभी असलेली सायकल, तिची तर दशा विचारूच नका. मग नवरात्राच्या आधीची साफसफाई निघते, खंडेनवमीला वाहनांची पूजा करायची असते, आणि त्या सायकलीला झेंडू बांधायचा की ती यंदा भंगारवाल्याला द्यायची, यावर घराघरांत एकदा तरी बोलणं होतंच.

सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. सासऱ्यांच्या पश्चात त्यांची काळी, दांड्याची सायकल आठ वर्षं तशीच उभी आहे. मुलगी अकरावीत गेली, कॉलेज तीन किलोमीटरवर. मुलगी म्हणते, आजोबांचीच सायकल मला द्या. यजमान म्हणतात, त्या गंजक्या खटाऱ्यावर पैसे घालण्यापेक्षा नवी घेऊ. आणि सासूबाईंचं म्हणणं असं की, काय करायचं ते करा, पण चेनकव्हरवर यांचं नाव रंगवलेलं आहे, ते पुसलं जाता कामा नये. “मधल्या मध्ये मी,” असं त्या लिहितात. “ही सायकल घरच्या घरी नीट होईल का, आणि झाली तर मुलीला तिच्यावर पाठवायला हरकत नाही ना, एवढं सांगा.”

त्यांना उत्तर द्यायचं म्हणून आजचा सगळा मजकूर सायकलीवरच लिहिते. बहुतेक घरांत अशी एक सायकल असतेच.

पहिली गोष्ट, घासायला बसायच्या आधी सायकल उन्हात आणा आणि नुसती बघा. गंज दोन जातीचा असतो. एक वरवरचा, बोटाने पुसला तर बोट तांबडं होतं पण खाली धातू गुळगुळीत लागतो. हा तुमच्या हातचा आहे. दुसरा पोखरणारा. त्यावर नख फिरवलं तर खड्ड्यात अडकतं, पापुद्रे निघतात, टोचून बघितलं तर पेचकस आत जातो. असा गंज कॅरियरला किंवा स्टँडला असेल तर एकवेळ चालेल. पण पुढचा चिमटा, हँडलचा दांडा, पायडलचा क्रँक आणि चाकाची रिम या चार ठिकाणी असेल तर तो भाग चकचकीत करून वापरायचा नाही, बदलायचाच. चिमटा जिथे वर हँडलच्या नळीत जातो तिथे आणि फ्रेमच्या सांध्यांपाशी केसाएवढी चीर दिसते का, ते ओल्या फडक्याने पुसून, उजेडात धरून पाहा. चीर दिसली तर पॉलिशची गोष्टच सोडा. सांगलीच्या भगिनींनो, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: मुलीला पाठवायचं की नाही, हे चकाकीवर ठरत नाही, या चार जागांवर ठरतं. सायकलवाल्याकडून ‘ओव्हरहॉलिंग’ करून घ्या, म्हणजे तो हब उघडून छर्रे बघेल, ग्रीस भरेल, ब्रेकचे रबर बदलेल. ते काम घरी करायच्या भरीला पडू नका. घासायचं, पुसायचं, रंगवायचं काम मात्र तो तुमच्याइतकं निगुतीने करणार नाही.

सुटे भाग मिळतील का, ही काळजीही नको. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला तेव्हा पुष्कळांना वाटलं, आता जुन्या सायकली संपल्या. पण या काळ्या सायकलींची ठेवण सगळ्या कंपन्यांची जवळजवळ सारखीच. अठ्ठावीस इंची रिम, मडगार्ड, पायडल, ब्रेकच्या सळ्या अजूनही सायकलच्या दुकानात मिळतात. मात्र घेताना जुना भाग बरोबर न्या.

आता कोणता भाग कशाचा, हे ओळखायचं. कारण इथेच घोटाळा होतो. सगळं चकाकणारं एकच समजून सगळ्याला चिंच लावली की संपलं. फ्रिजवर चिकटवतो ते लोहचुंबक घ्या. हँडल, रिम, ब्रेकच्या सळ्या यांना ते चिकटेल. म्हणजे आत पोलाद आणि वर मुलामा. आधी निकेलचा थर, त्यावर क्रोमचा अगदी पातळ. चुंबक चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम नाही तर पितळ. स्पोक आणि नटबोल्ट चकाकण्याऐवजी करडे, पांढुरके दिसत असतील तर त्यांवर जस्ताचा मुलामा आहे. आणि घंटीची वाटी कुठे कुठे पिवळी दिसत असेल तर वरचा मुलामा झिजून आतलं पितळ डोकावतं आहे.

सोडवायला घेण्यापूर्वी मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा, ब्रेकच्या सळ्या आणि चेनकव्हरचे जास्तीचे. नंतर कुठला वायसर कुठला यावरून घरात वाद नकोत. नटबोल्ट ठेवायला जुना मिसळणाचा डबा फार सोयीचा, एका वाटीत एका भागाचे. डबा मात्र परत स्वयंपाकघरात आणायचा नाही. पायडल काढणार असाल तर लक्षात ठेवा, डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की ते सुटतं. हे माहीत नसल्यामुळे किती पाने वाकले असतील! घंटी, कॅरियर, मडगार्ड, चेनकव्हर एवढं सुटलं तरी पुरे. क्रँकची कॉटर पिन हातोडीने ठोकून काढू नका, ती दुकानदाराची.

मग मळ. वर्षांचं तेल आणि धूळ यांचा जो काळा राब बसलेला असतो, तो निघाल्याशिवाय गंज कुठे आहे तेच कळत नाही. पूर्वी रॉकेलमध्ये फडकं बुडवून पुसायचं. आता रॉकेल सहजासहजी मिळत नाही, तर वाटीभर डिझेल चालतं. पेट्रोल मात्र घ्यायचंच नाही, ते भडकतं. हे काम अंगणात किंवा गच्चीवर करा. देवापुढची निरांजन, उदबत्ती, गॅस यांच्या जवळपासही नाही. ती फडकी कपाटात कोंबू नका, उघड्यावर वाळवून टाकून द्या. त्यानंतर भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्याने सगळं धुऊन, कोरड्या फडक्याने टिपून उन्हात ठेवा.

आता खरी युक्ती. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद आपल्याकडे असतोच. त्याचा हातभर तुकडा घ्या, चुरगाळून बोळा करा, साध्या पाण्यात बुडवा आणि हँडलवर हलक्या हाताने घासा. जोर लावायचा नाही. करडं काळपट पाणी सुटेल, ते ओल्या फडक्याने पुसा, पुन्हा घासा. तांबडे ठिपके बघता बघता जातात. कारण असं की क्रोम फार कठीण आणि ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे क्रोमवर ओरखडा पडत नाही, पण वर आलेला गंज मात्र निघून येतो. नळासाठी किंवा भांड्यांसाठी आपण हिरवी घासणी किंवा तारेची घासणी वापरतो, ती इथे नको. तिने पडलेल्या रेघा कायमच्या, आणि पुढच्या पावसात त्याच रेघांतून गंज वर येतो. राख किंवा वाळूही नको. शेवटी चकाकी आणायला खडूची बारीक पूड ओल्या मऊ फडक्यावर घेऊन पुसा, जुनी सुती साडी यासाठी उत्तम.

एक मात्र आधीच सांगते, म्हणजे निराशा नको. क्रोमला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. त्यांतून ओल आत जाते, गंज आतल्या पोलादाला लागतो आणि ठिपक्यांच्या रूपाने बाहेर येतो. तुम्ही घासता तो बाहेर आलेला गंज. जिथे मुलामाच सुटून गेला आहे, तिथे घासून घासून पोलाद दिसेल, क्रोम परत येणार नाही. बाजारात कितीही डब्या मिळोत, गेलेला मुलामा कुठलंही पॉलिश आणत नाही.

सुटे नट, वायसर, कॅरियरच्या पट्ट्या असे बिनमुलाम्याचे, खूप गंजलेले भाग आंबट पाण्यात भिजत घालायचे. किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, ढोकळ्यात घालतो ते. एक लिटर कोमट पाण्याला तीन-चार मोठे चमचे पुरेत. प्लॅस्टिकच्या टबात करा. ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हईच्या भांड्यात नाही. पांढरं व्हिनेगरही चालतं, पण महाग पडतं. दोन-तीन तासांनी काढून जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासून बघा, गंज चिवट असेल तर रात्रभर ठेवा. बाहेर काढल्यावर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा, म्हणजे आंबटपणा मरतो. मग स्वच्छ पाणी, मग लगेच पुसून ऊन आणि लगेच तेल. हे ‘लगेच’ महत्त्वाचं. आम्लातून निघालेलं लोखंड ओलं राहिलं तर चहा होईपर्यंत पुन्हा तांबूस पडतं.

भिजवायचं नाही ते काय, तेही ऐका. मुलाम्याच्या वस्तू, म्हणजे हँडल, घंटी वगैरे, फार तर दहा मिनिटं. नाहीतर आम्ल भेगांतून आत जाऊन मुलामाच उचकटतं. जस्त लावलेले स्पोक अजिबात नाही, जस्त आम्लात विरघळून जातं. चेन आणि सीटच्या स्प्रिंगाही नाहीत, कारण कडक केलेलं पोलाद आम्लात राहिलं की ठिसूळ होतं, आणि ठिसूळ चेन भर रस्त्यात तुटते. ॲल्युमिनियमच्या भागाला धुण्याचा सोडा लावू नका, तो काळा पडतो आणि खाल्ला जातो. हल्लीच्या सायकलींचे ॲल्युमिनियमचे रंगीत भाग तर घासूच नयेत. तो रंग धातूच्या वरच्या कातडीतच असतो आणि घासला की जातो. पितळेच्या वाटीला मात्र आपली चिंच नि मीठ किंवा पितांबरी, देवाच्या भांड्यांसारखीच.

संडास साफ करायचं ॲसिड वापरून गंज पटकन जातो, असं कोणीतरी सांगतंच. जातो, खरं आहे. पण त्याच्या वाफेने शेजारच्या शिलाई मशीनपासून खिडकीच्या बिजागरीपर्यंत सगळं गंजतं, आणि त्यात चुकून कपड्यांचं ब्लीच मिसळलं तर विषारी वायू होतो. घरात लहान मुलं, दम्याची माणसं असतात. नकोच ते.

आता सासूबाईंचं चेनकव्हर. पूर्वी नवी सायकल घेतली की पेंटरकडून नाव घालून घ्यायची पद्धत होती, मालकाचं नाव, खाली गाव, कधी कडेला वेलबुट्टी. मडगार्डावरच्या सोनेरी रेघाही लांब केसांच्या ब्रशाने हातानेच ओढलेल्या असत. हा रंग वरच्या वर असतो. त्याला डिझेल, पॉलिश, खडूची पूड, लिंबू यांतलं काहीही लागू द्यायचं नाही. चेनकव्हर सोडवून वेगळं घ्या, थेंबभर साबण घातलेल्या पाण्यात मऊ फडकं पिळून अक्षरांवर नुसतं टेकवा आणि उचला, चोळू नका. फडक्यावर अक्षरांचा रंग उतरतो आहे असं दिसलं तर तिथेच थांबा. वाळल्यावर गाडीचं बिनखरखरीचं मेण, म्हणजे ज्यात पॉलिशची पूड नाही ते, आधी मागच्या कोपऱ्यात लावून बघा आणि मग पातळ हाताने वरून द्या. पारदर्शक लॅकरचा फवारा मारा असं दुकानदार सुचवील. जुना रंग त्याच्याखाली सुरकुततो कधी कधी, आणि मग नाव गेलंच. चिकटपट्टी लावून भोवताली रंग देण्याचीही कल्पना सोडा, पट्टी काढताना जुना रंग बरोबर घेऊन येते. माझं मत विचाराल तर चेनकव्हर आहे तसंच राहू द्यावं. बाकीची सायकल चकाकेल आणि हा एक भाग जुना दिसेल, तर दिसू दे. मुलीला विचारून बघा, तिला तेच आवडेल. तीच गोष्ट पुढच्या कंपनीच्या बिल्ल्याची. आणि नगरपालिकेचा सायकल-कराचा जुना बिल्ला कुठे अडकवलेला सापडला तर त्यावरचे आकडे घासून गुळगुळीत करू नका. तेवढाच तो त्या काळाचा पुरावा. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे, तिकडे जाणं झालं तर अशा बारीकसारीक वस्तू किती जपल्या आहेत ते पाहून या.

मडगार्ड आणि फ्रेमचा रंग जिथे उडाला आहे तिथे रंगवायला हरकत नाही, पण आधी एक सूचना, आणि ती गांभीर्याने घ्या. जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांच्या वर असू नये, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या सायकलीचा रंग कोरडा घासला तर ती पूड नाकातोंडात जाते, आणि लहान मुलांना व गरोदर बाईला शिशाचा अपाय फार. म्हणून पॉलिश पेपर पाण्याचा घ्या आणि ओलाच घासा, तोंडाला मास्क बांधा, खाली वर्तमानपत्रं पसरा आणि गुंडाळून टाकून द्या. स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायचं नाही. घरात रांगतं मूल असेल किंवा कोणी दिवसात असेल तर हे काम सरळ बाहेर द्या.

दोनशेवीस नंबरच्या पेपरने गंज आणि सुटलेले पोपडे काढा, मग चारशेने कडा अशा मिळवा की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. पुसून, पूर्ण वाळवून रेड ऑक्साइडचा एक पातळ हात. दुसऱ्या दिवशी चारशेचाच ओला पेपर हलका फिरवून काळ्या इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये डब्यावर लिहिला असेल तेवढा वेळ. जाड एक हात देण्याचा मोह होतो, पण तो ओघळतो आणि आत ओला राहतो. मडगार्ड कपडे वाळत घालायच्या दोरीला तारेने टांगून रंगवलं की दोन्ही बाजू मिळतात. दिवस कोरडा हवा. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते, म्हणून गणपतीत हे काम काढू नये, घटस्थापनेच्या सुमाराला काढावं. रंगवल्यावर आठवडाभर तरी बोल्ट आवळू नका, नाहीतर वायसरखाली रंग चिरडतो.

गंजावरच चंदेरी रंग मारून देणारे कारागीर पुष्कळ. चार दिवस छान दिसतं. कॅरियरला किंवा स्टँडला, गंज आधी काढला असेल तर, चंदेरी रंग चालतो. रिमला मात्र मुळीच नाही. सळईच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे चाकाच्या मध्याकडे असलेल्या बाजूला दाबले जातात. तिथे रंग असला की तो रबरावर येतो आणि ब्रेक घसरतो. तेल, मेण, व्हॅसलीन यांचंही तेच. बाकी सगळीकडे लावा, पण ब्रेक टेकतो ती पट्टी कोरडीच ठेवा. आणि मुलीला सांगून ठेवा की पोलादी रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, पावसात नेहमीपेक्षा बरंच आधी दाबायचा.

हँडलचा मुलामा पार गेला असेल तर प्लेटिंगवाला. औद्योगिक वसाहतीत असतात. ते जुना मुलामा काढतात, चाकावर बफिंग करतात, निकेल चढवतात आणि वर क्रोम. खड्डे मात्र मुलाम्याने बुजत नाहीत, बफिंगमध्ये जेवढे निघतील तेवढेच. एकटी घंटी घेऊन गेलात तर तो हो म्हणणार नाही. शेजारणींच्या वस्तू गोळा करून न्या. आणि आधी नव्या हँडलची किंमत विचारा, कारण पुष्कळदा नवं स्वस्त पडतं. रिमला मुलामा करायचा तर सगळे स्पोक काढून चाक पुन्हा बांधावं लागतं, ते परवडत नाही, सरळ नवी रिम घ्या. मोबाईलवर घरच्या घरी क्रोम चढवण्याचे व्हिडिओ दिसतात. क्रोमचं ते द्रावण जहाल विषारी असतं, त्याच्या नादी लागू नका. तसंच ड्रिल मशीनला बफिंगचं चाक लावून यजमान मदतीला आले तर कौतुक करा, पण तुम्ही जवळ उभ्या राहाल तेव्हा पदर खोचलेला, वेणी बांधलेली आणि मंगळसूत्र ब्लाउजच्या आत हवं. फिरत्या चाकात पदर जायला क्षण लागत नाही.

सगळं जोडून झालं की शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब फडक्यावर घेऊन स्पोक, नटबोल्ट, सळ्या पुसून घ्या. खोबरेल किंवा गोडं तेल लावू नका, ते काही दिवसांनी डिंकासारखं चिकट होतं आणि धूळ धरून बसतं. चेनला दोन-दोन थेंब, वरचं जास्तीचं पुसून. महिन्यातून एकदा एवढं केलं आणि भिजून आलेली सायकल रात्री तशीच जिन्याखाली न ढकलता आधी पुसली, की पुढच्या वर्षी ॲल्युमिनियमचा कागद फारसा खर्चावा लागणार नाही.

आणि सांगलीच्या भगिनींनो, राहिलं एक. दांड्याची सायकल मुलीला उंच पडत असेल तर सीट खाली घ्या. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. तरीही टेकत नसतील तर ती सायकल तिच्यासाठी नाही, मग ती कितीही चकाको. यजमानांनी रोज बाजारात न्यावी आणि मुलीला नवी घ्यावी.

पुढच्या अंकी गंजलेल्या विळ्या आणि बिडाचे तवे.